अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आईने इन्शुरन्समधून ब्रेस्ट पंप कसा मिळवायचा

सातवा महिना लागला की घरात सगळी बोलणी सुरू होतात, आई येणार की सासूबाई, तिकीट कधीचं काढायचं, डिंकाचे लाडू कोण घेऊन येणार, बारसं कधी, पण दूध काढायच्या पंपाचं नाव कुणी काढत नाही. माझ्या पहिल्या बाळंतपणात मी पण नाही काढलं. बाळ तीन आठवड्यांचं झालं, रजा संपायची तारीख दिसायला लागली, तेव्हा घाईघाईत रात्री फोनवरून एक पंप मागवला, वेबसाइटवर "आम्ही सगळे इन्शुरन्स घेतो" असं लिहिलेलं होतं एवढं बघितलं आणि कार्डाचा नंबर टाकून मोकळी झाले. दोन महिन्यांनी २४० डॉलरचं बिल आलं. तो सप्लायर माझ्या प्लॅनच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे इन्शुरन्सने ज्यांच्याशी करार केलाय त्यांच्या यादीतच नव्हता. दुसऱ्या वेळी नीट माहिती काढली, दोन फोन केले, आणि त्याहून चांगला पंप शून्य डॉलरमध्ये घरी आला. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणींना हे माहीतच नसतं आणि ज्यांना माहीत असतं त्यांना विचारायला संकोच वाटतो.

आधी संकोचाचं. हे इन्शुरन्स कंपनीचे उपकार नाहीयेत. अफोर्डेबल केअर ॲक्ट २०१० साली आला, आणि त्यातल्या बायकांच्या प्रिव्हेंटिव्ह केअरच्या नियमांप्रमाणे १ ऑगस्ट २०१२ पासून पुढे सुरू झालेल्या प्लॅन वर्षांत अंगावर पाजण्यासाठी लागणारी उपकरणं आणि सल्ला हे दोन्ही प्लॅनला द्यावंच लागतं, आणि इन-नेटवर्क घेतलं तर कोपे (दर वेळी भरायची ठरावीक रक्कम) नाही, कोइन्शुरन्स (बिलातला आपला टक्केवारीचा वाटा) नाही, डिडक्टिबल (इन्शुरन्स द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम) भरलंय का नाही याचाही संबंध नाही. तुमच्या पगारातून दर महिन्याला जो प्रीमियम कापला जातो त्यातच हे आलेलं आहे. आणि २०२३ पासून तर आणखी स्पष्ट झालं, नवीन गाइडलाइनमध्ये डबल इलेक्ट्रिक पंप, त्याचे पार्ट्स आणि दूध साठवायचं सामान यांचा नाव घेऊन उल्लेख आहे, आणि असंही लिहिलंय की आधी हाताचा पंप वापरून बघा, जमलं नाही तर मग इलेक्ट्रिक देऊ, अशी अट घालू नये. हे वाक्य लक्षात ठेवा, फोनवर उपयोगी पडतं.

कुणाला मिळत नाही? जुने ग्रँडफादर्ड प्लॅन, म्हणजे २३ मार्च २०१० च्या आधीपासून चालू असलेले आणि फारसे न बदललेले, त्यांना हा नियम लागू नाही. शॉर्ट टर्म प्लॅन, व्हिजिटर इन्शुरन्स आणि हेल्थ शेअरिंगवाले ग्रुप यांनाही नाही. पण नोकरीतून मिळालेला साधा प्लॅन असेल किंवा मार्केटप्लेसवरून, म्हणजे सरकारी इन्शुरन्स बाजारातून घेतलेला असेल तर मिळतो. नवऱ्याच्या प्लॅनवर डिपेंडंट म्हणून असाल तरी मिळतो, त्यासाठी तुमच्या स्वतःच्या नावावर पॉलिसी लागत नाही, व्हिसा कुठला आहे याचाही इथे प्रश्न येत नाही. मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी इन्शुरन्स असेल तर राज्याप्रमाणे नियम बदलतात, आणि विक (WIC) या आई-बाळांच्या सरकारी पोषण प्रोग्रॅममध्ये असाल तर तिथेही पंपाची सोय असते, तिथल्या बाईंना सरळ विचारा.

आता मुख्य काम, फोन. साधारण २८ ते ३० आठवड्यांच्या सुमारास करा, कारण बरेच सप्लायर ड्यू डेटच्या आधी ठरावीक दिवसांतच पंप पाठवतात, काही प्लॅन तर डिलिव्हरी झाल्याशिवाय पाठवतच नाहीत, आणि हे दोन्ही त्यांना करता येतं. तुमचा प्लॅन यातला कुठला हे आधी कळलेलं बरं. इन्शुरन्स कार्डाच्या मागे मेंबर सर्व्हिसेसचा नंबर असतो, तोच लावा. दुपारचा निवांत वेळ ठेवा, होल्डवर बराच वेळ जातो, कागद-पेन जवळ ठेवा.

फोनवर नुसतं "माझा पंप कव्हर होतो का" असं विचारू नका, कारण उत्तर "हो" येतं आणि त्या "हो" मध्ये काय काय बसतं ते कळत नाही. मी विचारलं होतं ते असं. माझ्या प्लॅनमध्ये डबल इलेक्ट्रिक पंप, कोड ई०६०३, शून्य कॉस्ट शेअरिंगने, म्हणजे मला काही भरावं न लागता, मिळतो का? विकत मिळतो की भाड्याने? कारण नियमात दोन्ही चालतं. माझ्या नेटवर्कमधले डीएमई सप्लायर कोणते, त्यांची नावं सांगा, आणि जमलं तर मला पोर्टलवर मेसेजमध्ये पाठवा. प्रिस्क्रिप्शन लागतं का, प्रायर ऑथरायझेशन, म्हणजे इन्शुरन्सची आधी मंजुरी लागते का? किती आठवड्यांना पाठवतात? प्रत्येक बाळंतपणाला एक मिळतो का आणखी काही मर्यादा आहे? आणि पार्ट्स आणि दुधाच्या पिशव्या दर किती दिवसांनी मिळतात?

डीएमई म्हणजे ड्युरेबल मेडिकल इक्विपमेंट, म्हणजे व्हीलचेअर वगैरे देणारे लोक, पंप पण त्यांच्याकडूनच येतो. आणि कोडचं एवढ्यासाठी सांगतेय की समोरचा माणूस त्याच्या स्क्रीनवर कोड टाकूनच बघत असतो. ई०६०२ म्हणजे हाताने दाबायचा पंप, ई०६०३ म्हणजे इलेक्ट्रिक, ई०६०४ म्हणजे हॉस्पिटल ग्रेड. तुम्ही नुसतं "ब्रेस्ट पंप" म्हणालात आणि त्याने पहिला कोड टाकला तर उत्तर हाताच्या पंपाचं मिळेल. मला अगदी हेच झालं, बाई म्हणाल्या मॅन्युअल कव्हर्ड आहे. मी म्हटलं मी नोकरी करते, दिवसातून तीन वेळा पंप करावा लागणार आहे, कृपया ई०६०३ बघा. अर्धा मिनिट टाइप केल्याचा आवाज आला आणि मग, "हो, हा पण शंभर टक्के कव्हर्ड आहे." मी कोड सांगितला नसता तर तो फोन तिथेच संपला असता. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, तसंच आहे हे, आणि इथे नेमक्या शब्दांत रडावं लागतं.

फोन ठेवायच्या आधी तारीख, बोलणाऱ्याचं नाव आणि कॉलचा रेफरन्स नंबर लिहून घ्या. हे विसरू नका. पुढे काही वाद झाला तर "मला कुणीतरी फोनवर सांगितलं होतं" याला काही किंमत नसते आणि रेफरन्स नंबरला असते.

मग प्रिस्क्रिप्शन. ओबीच्या, म्हणजे बाळंतपणाच्या डॉक्टरांच्या, पुढच्या व्हिजिटला सांगा, मिडवाइफकडे जात असाल तर त्यांना सांगा, त्यांना हे रोजचं आहे. त्यावर "डबल इलेक्ट्रिक ब्रेस्ट पंप" असं स्पष्ट लिहायला सांगा, सोबत ड्यू डेट आणि डायग्नोसिस कोड. बरेच सप्लायर म्हणतात तुम्ही काही करू नका, आम्हीच डॉक्टरकडून मागवतो, ते सोयीचं आहे, पण तो फॅक्स डॉक्टरच्या ऑफिसात कुठेतरी पडून राहतो आणि तिकडे सप्लायर आठवडाभर वाट बघत बसतो. म्हणून चार दिवसांनी पोर्टलवरून एक मेसेज टाका की अमुक सप्लायरचा फॅक्स आलाय का, सही करून पाठवला का. तेवढ्याने काम हलतं.

सप्लायरकडे ऑर्डर टाकताना पुन्हा एकदा विचारा, "माझ्या या प्लॅनला तुम्ही इन-नेटवर्क आहात का?" "तुम्ही माझा इन्शुरन्स घेता का" असं नाही विचारायचं. घेतो म्हणणारा नेटवर्कमध्ये असतोच असं नाही, घेतो म्हणजे फक्त क्लेम पाठवतो, बाकीचं बिल तुम्हाला. माझे २४० डॉलर या एका शब्दात गेले. आणि तुमच्या प्लॅनच्या नेटवर्कमध्ये पंप देणारा कुणीच नसेल तर मग प्लॅनला आउट ऑफ नेटवर्कवाल्याचाही खर्च कॉस्ट शेअरिंग न लावता द्यावा लागतो, अशा वेळी ऑर्डर करायच्या आधीच इन्शुरन्सकडून ते लेखी घ्या.

कुठला पंप घ्यायचा यावर मी तासन् तास वाचलं होतं, तेवढं वाचायची गरज नाही. दोन्ही बाजूंनी एकदम काढणारा, क्लोज्ड सिस्टिमचा, म्हणजे दूध नळीत आणि मोटरमध्ये जात नाही असा, दमदार मोटरचा पंप घ्या. स्पेक्ट्रा, मेडेला ही नावं सगळ्या सप्लायरकडे असतात. स्पेक्ट्राचा एस१ निळा, त्यात बॅटरी असते, एस२ गुलाबी, तो प्लगला लावूनच चालतो. ऑफिसात खोली मिळणार असेल आणि तिथे प्लग असेल तर एस२ ने काम भागतं, पण खोली बदलत राहणार असेल किंवा गाडीत पंप करावा लागणार असेल तर बॅटरीवाला बघा, मग त्यासाठी थोडी अपग्रेड फी, म्हणजे महागड्या मॉडेलसाठीचा वरचा फरक, पडली तरी. एल्वी, विलो असले कपड्यांच्या आत घालायचे पंप दिसायला फार सोयीचे वाटतात आणि मीटिंगमध्ये सोयीचे असतातही, मात्र त्यांना अपग्रेड फी बरीच लागते, आणि माझं स्पष्ट मत आहे की पहिला आणि एकमेव पंप तो नसावा. पहिले दोन-तीन महिने दूध नीट बसायचं असतं, तेव्हा साधा दणकट पंप हवा. आत घालायचा नंतर एचएसएमधून, म्हणजे वैद्यकीय खर्चासाठी टॅक्स न लागता पैसे साठवायच्या खात्यातून, घेता येतो.

बाळ वेळेआधी आलं, एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असलं किंवा बाळाला ओढता येत नसलं तर हॉस्पिटल ग्रेड पंप लागतो, तो भाड्याने मिळतो, त्याला डॉक्टरांचं मेडिकल नेसेसिटीचं पत्र आणि बहुतेक वेळा प्रायर ऑथरायझेशन लागतं. हे हॉस्पिटलमधून निघायच्या आधीच लॅक्टेशन कन्सल्टंटला आणि केस मॅनेजरला सांगा, घरी आल्यावर धावपळ करायला अंगात त्राण नसतं.

आणि एक, आपल्यात एकमेकींना सगळं देण्याची छान पद्धत आहे, झबली, पाळणा, कार सीट पण देतात, आणि त्याच पिशवीत कुणीतरी जुना पंप पण देतं. तो घेऊ नका. एफडीए, म्हणजे इथलं औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, स्वतः सांगतं की घरगुती पंप एकाच बाईने वापरायचे असतात, आतल्या भागात दुधाचा अंश राहून इन्फेक्शन जाऊ शकतं, नवीन नळ्या लावल्या म्हणजे झालं असं नाही. फुकट नवीन मिळत असताना जुना का वापरायचा?

पंपाइतकीच महत्त्वाची आणि त्याहून कमी वापरली जाणारी गोष्ट म्हणजे लॅक्टेशन कन्सल्टंट, ती पण याच नियमात येते, इन-नेटवर्क असेल तर शून्य खर्चात. मी पहिल्या वेळी गेलेच नाही, मला वाटलं दूध पाजायला काय शिकायचंय, आई आहे की घरात. आई बिचारी अळीव खाऊ घालत होती, शेकत होती, पण पंप तिने आयुष्यात बघितला नव्हता. दर वेळी पंप लावला की डोळ्यांत पाणी यायचं आणि मला वाटायचं असंच असतं. दुसऱ्या वेळी कन्सल्टंटने छोट्या पट्टीने मोजलं आणि म्हणाली तुझा फ्लँज चुकीचा आहे. फ्लँज म्हणजे ते फनेल, डब्यात बहुतेक २४ किंवा २८ मिलिमीटरचे येतात, मला त्याहून बरेच लहान लागत होते. लहान लावले आणि दुखणं थांबलं, दूधही जास्त यायला लागलं. पंप करताना दुखत असेल तर सहन करत बसू नका, आधी माप बघा.

डबा घरी आला की उघडून बघा, सगळे भाग आहेत का, मोटर चालू होते का, वॉरंटी रजिस्टर करा, पार्ट्स धुऊन ठेवा. पण डिलिव्हरीच्या आधी अंगाला लावून बघू नका, त्याने कळा सुरू होऊ शकतात, डॉक्टरांनी सांगितलं तरच. सक्शन तळहातावर धरून तपासता येतं.

मग काही आठवड्यांनी इओबी येतो, एक्सप्लनेशन ऑफ बेनिफिट्स. हा कागद बिल नसतो म्हणून आपण फेकून देतो, मी पण ड्रॉवरमध्ये टाकला होता, आणि त्यावर बिल यायच्या महिनाभर आधीच "आउट ऑफ नेटवर्क" असं छापलेलं होतं. उघडून शेवटचा रकाना बघा, तुम्ही किती देणं लागता ते. शून्य नसेल तर लगेच फोन. नुसत्या फोनने भागलं नाही तर अपील करा, नकार आल्यापासून १८० दिवसांची मुदत असते. पत्र मोठं नको, माझा प्लॅन ग्रँडफादर्ड नाही, हा खर्च प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसमध्ये येतो, अमुक तारखेला अमुक रेफरन्स नंबरवर मला कव्हर्ड असल्याचं सांगितलं होतं, सोबत प्रिस्क्रिप्शन आणि पावती जोडलीय, एवढं पुरतं. तरी नाही म्हणाले तर एक्स्टर्नल रिव्ह्यू, म्हणजे बाहेरच्या त्रयस्थाकडून तपासणी, मागता येतो, त्याला चार महिने असतात. तुमच्या कंपनीचा प्लॅन सेल्फ फंडेड असेल, म्हणजे क्लेमचे पैसे कंपनी स्वतःच देत असेल, मोठ्या कंपन्यांचे बहुतेक असतात, तर तक्रार डिपार्टमेंट ऑफ लेबरच्या एब्सा (EBSA) या विभागाकडे जाते, नाहीतर राज्याच्या इन्शुरन्स डिपार्टमेंटकडे. एचआरला विचारा सेल्फ फंडेड आहे का, एका ओळीत उत्तर मिळतं.

स्वतःच्या पैशाने घेऊन झाला असेल तरी आशा सोडू नका. तपशीलवार पावती, प्रिस्क्रिप्शन आणि क्लेम फॉर्म पाठवून काही प्लॅन पैसे परत देतात. आणि नाही दिले तर एचएसए किंवा एफएसए (नोकरीतून मिळणारं तसंच खातं) आहेच, २०११ पासून आयआरएस, म्हणजे टॅक्स खातं, पंप आणि त्याचं सामान वैद्यकीय खर्चात धरतं, अपग्रेड फी पण त्यातूनच भरा. एफएसएचे उरलेले पैसे वर्ष संपताना बुडू शकतात म्हणून ते आधी वापरा.

आणि पंपाच्या गडबडीत हे राहू नये, बाळाचं नाव प्लॅनमध्ये घालायला नोकरीच्या इन्शुरन्समध्ये साधारण ३० दिवसच असतात, घातलं की कव्हरेज जन्मतारखेपासून धरतात. हे काम नवऱ्याला द्या, कॅलेंडरवर लिहून.

आता ऑफिस. पंप मिळाला पण बसायला जागा नसेल तर काय उपयोग. पंप ॲक्ट म्हणून कायदा आहे, २९ डिसेंबर २०२२ ला सही झाली, त्याप्रमाणे बाळ एक वर्षाचं होईपर्यंत तुम्हाला लागेल तेव्हा ब्रेक आणि आडोसा असलेली, कुणी मध्ये येणार नाही अशी जागा द्यावी लागते, आणि ती जागा बाथरूम चालत नाही. पूर्वी पगारदार नोकऱ्यांतल्या बऱ्याच जणी, शिक्षिका, नर्स वगैरे, यातून सुटत होत्या, आता त्याही आल्या. ब्रेकचे पैसे द्यावेच असं नाही, पण पंप करताना तुम्ही काम करत असाल तर तो वेळ कामाचाच, आणि एक्झेम्ट, म्हणजे ओव्हरटाइम न मिळणाऱ्या पगारदार असाल तर या ब्रेकसाठी पगार कापता येत नाही. ५० पेक्षा कमी लोक असलेल्या कंपनीला फार अडचण होते असं सिद्ध करता आलं तरच सूट. घरून काम करत असाल तरी हे लागू आहे, कंपनीच्या कॅमेऱ्यासमोर पंप करायला तुम्हाला कुणी लावू शकत नाही. एच१बीवर असाल तर आपण उगाच गप्प बसतो, मॅनेजरला काय वाटेल म्हणून, पण हा कायदा व्हिसा बघत नाही.

रजेवर जायच्या आधीच एचआरला आणि मॅनेजरला एक साधी ईमेल करा, परत आल्यावर मला दिवसातून तीन वेळा अर्धा तास आणि कुलूप लागणारी, प्लग असलेली खोली लागेल, कुठली मिळेल ते कळवा. फ्रिज कुठे आहे तेही विचारा. आणि कॅलेंडरवर ते तीन अर्धे तास आधीच ब्लॉक करून टाका, नाहीतर त्यावर मीटिंग येऊन बसतात.

काढलेलं दूध बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत उत्तम. कामासाठी विमानाने जावं लागलं तर पंप आणि दूध केबिनमध्ये नेता येतं, १०० मिलिलिटरचा नियम त्याला नाही, बाळ सोबत नसलं तरी. सिक्युरिटीला आधी सांगा की बॅगेत दूध आहे.

पहिल्या बाळाच्या वेळी कामावरचा माझा पहिला दिवस मला अजून आठवतो. साडेदहाला खोलीत गेले, दार लावलं, सगळं जोडलं, बटण दाबलं, मोटरचा आवाज येतोय पण ओढच लागत नाही. दोनदा काढून पुन्हा जोडलं. मग कळलं की एका बाजूचा छोटासा पांढरा व्हॉल्व्ह घरी सिंकजवळच्या वाळत घालायच्या रॅकवर राहिलाय. एका बाजूने जेवढं निघालं तेवढं काढलं, दुपारपर्यंत दुसरी बाजू दगडासारखी झाली, पान्हा फुटून कुडता भिजला, आणि मी स्वेटर घालून मीटिंगमध्ये बसले. घरी पोचले तेव्हा ताप होता. तो व्हॉल्व्ह काही डॉलरचा असतो, आणि तो इन्शुरन्समधून मिळतो हे तेव्हा मला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या वेळी पार्ट्सची री-सप्लाय लावून घेतली, व्हॉल्व्ह, मेम्ब्रेन, नळ्या, फ्लँज ठरावीक दिवसांनी येत राहिले. त्यातला एक पूर्ण सेट झिपच्या पिशवीत घालून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवला, आणि पंपाच्या बॅगेच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली, व्हॉल्व्ह दोन, फ्लँज दोन, नळी, बाटल्या, चार्जर, जास्तीचा कुडता. रोज सकाळी बॅगेची चेन लावायच्या आधी ती वाचायची, आणि मगच निघायचं.